सूर्यप्रकाश व पिण्याचें पाणी

कफ परेडच्या मच्छीमार नगरांत मासळी उन्हांत सुकविणें नवें नव्हे. परंतु तेंच ऊन पिण्याचें पाणीहि निर्जंतुक करितें, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठांतील आफ्तिम अक्रा यांचें यावरील संशोधन युनिसेफनें १९८४ सालीं प्रसिद्ध केलें. रंगहीन प्लॅस्टिकच्या बाटलींत (दोन लिटरांहून मोठी नको) गाळलेलें नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हांत आडवी ठेवावी. सूर्याचे अतिनील किरण व उष्णता मिळून जंतूंचा नाश करितात. खारटपणा किंवा रासायनिक विष मात्र जात नाहीं.

इंधन वाचविणारी ही युक्ति आम्हांस आवडते. पण तिच्या स्तुतीचा अतिरेक नको. जुलाब व कावीळ यांचा जोर पावसाळ्यांत, आणि ज्या महिन्यांत मासळी सुकत नाहीं त्या महिन्यांत बाटलीचाहि भरंवसा नाहीं. ढगाळ हवेंत ती दोन दिवस ठेवावी लागते. संततधारेंत तर पाणी उकळावें किंवा त्यांत क्लोरीन घालावें, हेंच बरें. तेव्हां बाटलीकडे बोट दाखवून कोणीं नळ नाकारूं नये. अनधिकृत झोपड्यांतील लोकांसहि पाणी मिळालें पाहिजे, असें मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्येंच महापालिकेस बजावलें आहे.