चेहऱ्यावरील लेझर : उपचार तासाभराचा, पथ्य महिन्यांचे

नागरा (जिल्हा गोंदिया) येथील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या कन्येचा विवाह येत्या वैशाखात व्हावयाचा आहे. तिच्या गालांवर मुरमांचे जुने खड्डे आहेत. लेझर करून घ्यावे काय, होळीनंतर केले तर चालेल काय आणि त्याच वेळी आपल्या चेहऱ्यावरील वांगही काढून मिळेल काय, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. प्रश्न अनेक घरांतले आहेत, म्हणून उत्तर येथेच देतो.

प्रथम लेझर करते काय, ते पाहू. या कामात सर्वाधिक वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. या किरणांची उष्णता त्वचेतील पाणी शोषून घेते व तेवढा भाग क्षणार्धात वाफ होऊन जातो. खालच्या थराला ऊब लागून तेथे नवे कोलॅजन तयार होऊ लागते आणि खड्डा हळूहळू उथळ होतो. पूर्वी चेहऱ्याचा सगळा वरचा थर काढीत असत. २००४ नंतर ‘फ्रॅक्शनल’ पद्धत रुजली. तीत केसाएवढी सूक्ष्म छिद्रे पाडतात व मधली त्वचा अखंड ठेवतात, त्यामुळे जखम लवकर भरते. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाला हीच पद्धत त्यातल्या त्यात मानवते.

सावळ्या वर्णाचा उल्लेख मुद्दाम केला. भाजल्याचा डाग आपल्या हातावर काळा पडतो, तो आपण पाहिलेला आहे. लेझर हेही शेवटी मोजून-मापून केलेले भाजणेच आहे. जखम भरल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्याच जागी काळपटपणा उमटू शकतो. तो बहुधा ओसरतो, पण त्याला कित्येक महिने लागतात. आता होळीपासून वैशाखातील मुहूर्तापर्यंतचे आठवडे मोजून पाहा. काळपटपणा यायचाच असेल, तर तो नेमका हळदीच्या आणि अक्षतांच्या दिवशी ऐन भरात असेल. भरीला विदर्भाचे चैत्र-वैशाखातले ऊन, आणि हळकुंडाचा लेप नव्या कोवळ्या त्वचेवर! होळीनंतर हा उपचार करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मग केव्हा? धान कापून, चुरून घरात आले की मार्गशीर्ष-पौषाचे दिवस बरे. त्यानंतर उन्हाळी धानाची रोवणी ज्यांच्याकडे असते, त्यांनी तोही हिशेब धरावा. बांधीत वाकून काम करताना डोक्यावरची टोपी वा पदर वरचे ऊन अडवितो, पण पाण्यावरून उलटून येणारा प्रकाश थेट गालांवर पडतो. आधी कानापुढे किंवा जबड्याखाली लहानशी चाचणी करून चार ते सहा आठवडे वाट पाहावी. ती जागा काळी पडली नाही, तरच पुढे जावे. खड्ड्यांना बहुधा महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन किंवा अधिक बैठका लागतात आणि पूर्ण परिणाम शेवटच्या बैठकीनंतर तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. म्हणून या लग्नापुरते पौषात एक बैठक घेऊन थांबावे, उरलेल्या पुढच्या वर्षी घ्याव्यात. खड्डे कमी होतात, पुसले जात नाहीत. टाचणी टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना तर लेझरचा उपयोग थोडाच; त्यांना दुसरे उपाय आहेत.

वांगाचे उत्तर थोडक्यात देतो : त्यासाठी हे लेझर नको. उष्णतेने वांग अधिक गडद होऊन परत येण्याची धास्ती असते. लोहाच्या संयुगांमुळे किंचित रंग असलेले सनस्क्रीन व डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम, हा मार्ग सावकाश असला तरी भरवशाचा आहे. दुकानातून मागून आणलेली ‘गोरेपणाची’ मलमे मात्र टाकून द्या. त्यांतील कित्येकांत स्टेरॉइड असते आणि त्याने त्वचा पातळ, लाल व हळवी होते.

फ्रॅक्शनल लेझरनंतर पहिले काही तास चेहरा तिखट लागल्यासारखा जळजळतो. दोन-तीन दिवस सूज असते, सकाळी डोळ्यांखाली अधिक. तिसऱ्या दिवसापासून कॉफीची पूड भुरभुरावी तसे बारीक तपकिरी ठिपके दिसतात व आठवडाभरात आपोआप झडतात. ते खरवडू नयेत, याच ठिकाणी सर्वाधिक नुकसान होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाने चेहरा हलक्या हाताने टिपावा व साध्या पेट्रोलियम मलमाचा थर ठेवावा. हळद, कोरफड, लिंबू, बेसन काहीही लावू नये. चुलीची धग आणि धूरही टाळावा. आठवडाभर स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कोणी करावा, त्यात संकोच कसला? त्वचा मिटली की सनस्क्रीन, रुंद काठाची टोपी व सुती दुपट्टा निदान तीन महिने सोडू नये. लाली काही आठवडे राहू शकते.

वेदना कमी होण्याऐवजी दोन दिवसांनी वाढू लागली, पू आला, ताप चढला, बारीक फोडांचे पुंजके उठले किंवा एखादी जागा लाल राहून टणक होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठांवर नागिणीसारखे फोड वारंवार येत असतील तर ते आधीच सांगावे. त्यावर प्रतिबंधक गोळ्या देतात. मुरूम अजून येत असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील वा नुकत्याच थांबल्या असतील, जखमेचे वण फुगत असतील, अंगावर कोड असेल किंवा दिवस गेले असतील, तर हेही लपवू नये. काळा तीळ वाढत असेल, तर तो लेझरने उडवून न घेता आधी तपासून घ्यावा.

हे काम ब्यूटी पार्लरचे नव्हे. त्वचारोगाची पदव्युत्तर पदवी व वैद्यकीय परिषदेची नोंदणी विचारण्यात गैर काही नाही. उपचाराच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक कवच असतेच, याची खात्री करावी. नागऱ्याहून गोंदिया जवळ आहे, नागपूर मात्र आगगाडीने सव्वाशे किलोमीटरहून अधिक. तेथे उपचार घेतला, तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी चेहरा कोणाला दाखवायचा, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागाचा सल्ला आधी घेतला, तर लेझर लागेल की सुयांच्या स्वस्त उपचाराने भागेल, तेही कळेल. सुयांच्या त्या उपचारात काळे डाग पडण्याची भीती बरीच कमी असते.