मुक्कामी गाडी

राधानगरीस आगगाडी केव्हा येणार, असे विचारणारे लोक आपल्या भागात पुष्कळ भेटतात. विचारणाराच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या लोकलगाड्या असतात, पुण्यात ६ मार्च २०२२ पासून धावू लागलेली मेट्रो असते. आणि आपल्या वाट्याला तेवढी तांबडी एस.टी. आली, असा एक बारीक विषाद त्याच्या स्वरात असतो. हा विषाद मला समजतो, परंतु मान्य नाही. राधानगरीला उणीव आहे ती रुळांची नसून गाठीची आहे. एका गाडीची दुसऱ्या गाडीशी, आणि गाडीची शाळेच्या घंटेशी, वेळेवर गाठ पडण्याची आहे, असे माझे मत आहे.

आगगाडीविषयी आपल्या भागात कधी अनास्था होती असे मुळीच नव्हे. मिरजेपासून कोल्हापुरापर्यंतचा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, व तो कोल्हापूर संस्थानाने आपल्या खर्चाने बांधविला होता. मिरजेस पुढे १९२७ साली बार्शी लाइट रेल्वे येऊन मिळाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज एंजिनियराने अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ही धाकटी आगगाडी १८९७ साली बार्शीस नेली होती. तीच पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांच्या व लातूरच्या व्यापाऱ्यांच्या कामी आली. मोठा मार्ग परवडत नसेल तर हलका मार्ग करावा, हा तिच्यातील शहाणपणा खरोखर वाखाणण्यासारखा होता. मात्र रुळांची रुंदी निराळी पडल्यामुळे मिरजेस उतारूंना गाडी बदलावी लागे, व मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकावी लागत. गाठ नीट न पडली म्हणजे किती घाम गळतो, हे मिरजेच्या हमालांइतके दुसऱ्या कोणास कळले नसेल!

आता नव्या मार्गाविषयी. कोल्हापूर ते वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरांचा लोहमार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. तो झाला म्हणजे आपला जिल्हा कोकण रेल्वेशी जोडला जाईल, आणि तो व्हावाच. परंतु तोदेखील गगनबावड्याच्या अंगाने जावयाचा आहे. दाजीपूरच्या अरण्यातून रूळ न्यावेत असे तर कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. तेव्हा राधानगरीचा उतारू फलाटापर्यंत जाणार तो सडकेनेच, भोगावतीच्या खोऱ्यातून पन्नासेक किलोमीटर. ही वस्तुस्थिती आपल्या नातवंडांच्या काळातही बदलेल असे मला वाटत नाही, आणि तिच्याबद्दल खंत करण्याचेही कारण दिसत नाही.

कारण सडकेवरची सोय ही काही सामान्य गोष्ट नव्हे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली सरकारी मोटार सुटली; तेव्हापासून एस.टी.ने आपल्या खेड्यांत जे काम केले, त्यातील सर्वांत मोलाचे काम मला विचाराल तर मुक्कामी गाडीचे होय. शहरातील वाचकांस ही संस्था ठाऊक नसेल म्हणून सांगतो. दिवसाची शेवटची गाडी डोंगराकडेच्या गावी जाते व रात्री तेथेच राहते. चालक व वाहक गाडीतच, अथवा गावातील देवळाच्या ओवरीत अंग टाकतात. कोणाच्या तरी घरून भाकरी व पिठले येते. झुंजुमुंजू झाले की तीच गाडी माघारी निघते. तिच्यात दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, तारखेसाठी निघालेले पक्षकार, दवाखान्यात न्यावयाचा आजारी माणूस आणि दप्तरे घेतलेली मुले असतात. गाडी शहराची न राहता गावाची होते, ती या रात्रीच्या वस्तीमुळे.

ह्या मुक्कामी गाड्या मात्र सर्वांआधी बंद पडतात. त्याचे कारण भारमान. एका फेरीत किती आसने भरली याचा हिशेब म्हणजे भारमान. आणि रात्री डोंगराकडे जाणारी गाडी तर बहुधा अर्धी रिकामीच जावयाची. हिशेबाच्या वहीत ती तोट्याची दिसते. माझा आक्षेप हिशेब ठेवण्यावर नसून तो फेरीफेरीने ठेवण्यावर आहे. रात्रीची रिकामी फेरी व पहाटेची भरलेली फेरी ह्या दोन फेऱ्या नव्हेतच. ते एकाच रहाटाचे दोन पोहरे आहेत, एक रिकामा खाली जातो म्हणून दुसरा भरून वर येतो. शिवाय दुसरी एक गोष्ट वहीत कधीच उतरत नाही. रात्री आठची गाडी आहे, ह्या भरवशावर माणूस दुपारी दोनला घराबाहेर पडतो. काम आटोपून तो पाचच्या गाडीने परततो, आठच्या गाडीत बसतही नाही. पण आठची गाडी बंद करून पाहा. काम लांबले तर रात्र बाहेर काढावी लागेल ह्या धास्तीने तो दोनलाही निघणार नाही. मग दोनच्या आणि पाचच्या गाड्यांचे भारमान उतरते, त्याही बंद होतात, आणि त्या गावचे लोक एस.टी. वापरतच नाहीत असा निष्कर्ष काढण्यास आपण मोकळे!

शाळेच्या दृष्टीने पाहिले म्हणजे ह्या हिशेबाला निराळेच वजन येते. आमच्याकडे दूरच्या गावांहून येणारी मुले दुपारचे चार वाजल्यापासून खिडकीबाहेर पाहू लागतात. प्रयोगशाळेतील काम अर्ध्यावर टाकून निघणारी तीच, जादा तास चुकविणारी तीच. ह्याच वार्षिक अंकात संमेलनातील नाटकाच्या पात्रांची व क्रीडास्पर्धांतील विजेत्यांची नावे छापली जातात. वाचकांनी ती सावकाश चाळावीत व त्यांतील किती मुले शेवटच्या गाडीने घरी जाणारी आहेत ते मोजावे. हाताची बोटे पुरून उरतील. ह्यात बुद्धीचा संबंध किती आणि वेळापत्रकाचा किती, हे मी तीस विद्यार्थ्यांच्या एका वर्गावरूनही सांगू शकेन. मुलींची गोष्ट तर अधिक कठीण आहे. दहावीनंतर मुलीस कोल्हापुरास पाठवावे की नाही, ह्याचा निर्णय गुणपत्रिकेवर क्वचितच होतो. अंधार पडण्यापूर्वी गाडी गावात येते काय, एवढेच पालक विचारतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

सरकारने सवलती दिल्या नाहीत असे नव्हे. विद्यार्थ्यांस एक तृतीयांश भाड्यात पास मिळतो. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेखाली तो विनामूल्य आहे. पंचाहत्तरी उलटलेल्या वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून भाडे पडत नाही, व मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे पडते. ह्या गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु जी गाडी गावात येतच नाही तिचे भाडे माफ करून काय साधले? २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत आपल्या खेड्यांना वडापाने तारले. वडापवाल्यांस नावे ठेवण्याची रीत सुशिक्षितांत आहे. मला ती कृतघ्नपणाची वाटते. तथापि वडाप भरले म्हणजे सुटते, वेळ झाली म्हणजे नव्हे. त्यात पास चालत नाही. आणि दहा माणसांच्या जागी अठरा बसविलेल्या जीपमध्ये मुलीस सायंकाळी एकटीने पाठविण्यास आई सहसा धजत नाही.

गाठ म्हणजे काय, हे पाहावयाचे तर स्वित्झर्लंडकडे पाहावे. तो देश आपल्यासारखाच डोंगराळ, खेडी दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली. तेथे १९८२ साली सर्व देशाचे वेळापत्रक एका तालात बसविण्यात आले. ठरावीक वेळी गाड्या मोठ्या स्थानकांत चहूकडून येतात, उतारू ह्या गाडीतून त्या गाडीत जातात, आणि बाहेर डोंगरी गावांकडे जाणारी पिवळी टपालमोटार उभी असते. १९८७ साली तेथील जनतेने मत देऊन ह्याच पद्धतीचा विस्तार मंजूर केला. झुरिक प्रांतात तर १९९० पासून ट्राम, मोटार व आगगाडी ह्या तिहींना एकच तिकीट चालते. श्रीमंत देशाचे कौतुक आपल्याला काय कामाचे, असे कोणी म्हणेल. पण बोगदे व पूल यांस पैसा लागतो. दोन वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचण्यास तो लागत नाही.

कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानक व रेल्वेस्थानक ह्यांत पायी काही मिनिटांचेच अंतर आहे. तरी आगगाडी केंद्र सरकारची, एस.टी. राज्याच्या महामंडळाची, व के.एम.टी. महानगरपालिकेची, तिघांची तोंडे तीन दिशांना. मिरजेकडून येणारी सायंकाळची गाडी पाऊण तास उशिरा आली म्हणून राधानगरीची मोटार थांबावी, अशी जबाबदारी ह्यांपैकी कोणावरच नाही. मोटार थांबली तर तिच्यात बसलेल्यांना उशीर होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दिवसभराच्या गाड्यांनी कोणाचीही वाट पाहू नये. परंतु शेवटच्या गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यामागे दुसरी गाडी नसते. तिने पंधरा मिनिटे थांबावे, एवढा नियम केल्याने बसलेल्यांची पंधरा मिनिटे जातील, आणि राहिलेल्याची रात्र वाचेल.

शाळांनीही हात राखून ठेवू नये. सुटीची घंटा अर्धा तास अलीकडे आणल्याने तीन गावांची मुले उजेडी घरी पोहोचत असतील, तर घंटा हलविण्यास काय हरकत आहे? राधानगरीस एस.टी.चे स्वतंत्र आगार आहे. शाळा उघडण्याच्या आधी, मे महिन्यातच, कोणत्या गावाहून किती मुले व किती मुली येतात, त्यांस किती वाजता यावे लागते व किती वाजता सुटतात, ह्याचा तक्ता आगार व्यवस्थापकांकडे गेला पाहिजे. जुलैत तक्रारअर्ज धाडून उपयोग नाही. पालकांनी आपल्या गावाचे नाव, पाल्याची इयत्ता व गावी येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ वार्षिक परीक्षेपूर्वी वर्गशिक्षकांकडे लिहून द्यावी. तक्ता तयार करण्याचे काम मी अंगावर घेतो.