कॉपी-पेस्ट म्हणजे मेहनत नव्हे

आज जरा भांडायचं आहे. "आमच्याकडे हे असंच करतात" या वाक्याशी. (नात्यातले तिन्ही शिक्षक हे वाचणार आहेत. वाचू देत!)

वर्गाची सगळी यादी एक्सेलमध्ये तयार असते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, शेरा. तरी कुणीतरी वर्डमध्ये प्रमाणपत्राचा नमुना उघडून बसतं आणि एकेक नाव उचलून चिकटवतं. प्रिंट. पुढचं नाव. ६० मुलं, प्रत्येकी ५ रकाने, म्हणजे ३०० वेळा कॉपी-पेस्ट! आणि संध्याकाळी मान धरली की त्याला म्हणायचं मेहनत.

माझ्या मते ही मेहनत नाही, बेफिकिरी आहे. ३०० वेळांत कुठेतरी आधीच्या मुलाची माहिती तशीच राहते, आणि चिकटवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लागतो तो मुलाला, पुढे कधीतरी पासपोर्ट काढताना. माझ्या चुलतभावाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. प्रतिज्ञापत्रं, हेलपाटे, "साहेब आज नाहीत"... सगळं त्याने केलं. शाळेने फक्त "टायपिंग मिस्टेक" म्हटलं.

आता गंमत अशी, की यावरचा उपाय नवा मुळीच नाही. १९८० च्या दशकात वर्डस्टारसोबत 'मेलमर्ज' मिळायचं. आजच्या वर्डमध्ये ते 'मेलिंग्ज' या टॅबखाली आहे आणि फुकटच्या लिबरऑफिसमध्येही आहे. एक्सेलच्या पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लिहायची, वर्डच्या नमुन्यात त्या त्या जागी रकाना बसवायचा, की ६० प्रमाणपत्रं तयार. बस्स.

"पण मराठीत जमत नाही हो, मुलगा 'उत्तीर्ण झाला' आणि मुलगी 'उत्तीर्ण झाली'!" हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसू येतं. यादीत मुलगा-मुलगी असा एक रकाना ठेवा. वर्डच्या 'रूल्स'मध्ये 'इफ-देन-एल्स' आहे. मुलगी असेल तर 'झाली', नाहीतर 'झाला'. कुमार-कुमारीचंही तसंच.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. एक्सेलमधून वर्डमध्ये मजकूर जातो, त्याची सजावट जात नाही. त्यामुळे जन्मतारखेत कधी महिना आधी येतो, दिवस नंतर. ७८.९ टक्क्यांच्या मागे शेपटासारखे दहा-बारा आकडे लागतात. त्या फील्डमध्ये तारखेचा आणि आकड्याचा साचा एकदा लिहून दिला की हे थांबतं. आणि यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर कागदावर नावाऐवजी किडामुंगी उमटते, कारण तिथे मुळात मराठी अक्षरं नसतातच, रोमन अक्षरांना मराठी मुखवटा घातलेला असतो. पण यात मेलमर्जचा काय दोष? याद्या युनिकोडमध्ये आणणं हे कधीतरी करावंच लागणार आहे, ते एकदाच करा.

"यादीतच चूक असेल तर?" असेल ना. पण मग ती एकाच ठिकाणी असेल! यादी छापा, पालकसभेत फिरवा, प्रत्येक पालकाची आपापल्या ओळीपुढे सही घ्या. चिकटवण्यात जाणारी ती संध्याकाळ इथे घालवा. नाव 'शुभांगी' की 'शुभांगि', हे तिच्या आईला विचारणं माणसाचं काम आहे. ते नाव ३०० रकान्यांतून बिनचूक उतरवणं हे नाही.

आत्या, तुमच्या शाळेची यादी पाठव. आडनावं वेगळ्या रकान्यात असू देत म्हणजे झालं.