शरीरातला आकडा कोणाचा?

भाटघर धरणात पाणी किती आहे, याचा आकडा पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत छापून येतो. नीरेच्या कालव्यावर अवलंबून असलेला शेतकरी तो वाचतो आणि आवर्तनावरून अधिकाऱ्यांशी भांडतो. याच धरणाच्या पाणलोटात उद्या पावसाबरोबर किरणोत्सारी धूळ उतरली, गवतातून ती गाईच्या आणि दुधातून मुलांच्या शरीरात गेली, तर तिचे मोजमाप कोण करील? आणि तो आकडा मुलांच्या आईबापांना मिळेल काय?

चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ रोजी फुटली, तेव्हा तिची धूळ युरोपच्या कुरणांवर पडली आणि आयर्लंडच्या लोण्यामागोमाग तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात आला. तिघा तज्ज्ञांना विचारले गेले ते एवढेच की, अणुऊर्जा नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये ठरविलेल्या मर्यादेतील पदार्थ खाण्यास निर्धोक आहेत काय. त्यांनी होकार दिला. १९८८ मध्ये प्रकरण मिटले. मर्यादा ठरविणारे मंडळ अणुऊर्जा आयोगालाच जबाबदार होते, हे मात्र विसरता येत नाही.

लोणे मोजणे सोपे आहे. माणूस मोजण्यात काळाशी शर्यत असते. जाड पोलादी खोलीत माणसाला बसवून त्याच्या शरीरातून येणारे गॅमा किरण मोजले, की सीझियमचा अंदाज येतो. पण प्रौढाच्या शरीरातील निम्मे सीझियम सुमारे शंभर दिवसांत निघून जाते. गलग्रंथीत साठणारे आयोडीन तर आठ दिवसांत निम्मे होते. तीन महिन्यांनी त्याचा मागमूसही राहत नाही, इजा मात्र राहते. स्ट्रॉन्शियम हाडांत दडते, ते या खोलीत सापडतच नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते. थोडक्यात, उशिरा केलेली तपासणी ही सरकारला मिळालेली निर्दोषत्वाची पावती ठरते.

वेळेवर मोजूनही न्याय मिळतोच असे नाही. १९५४ च्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख प्रशांत महासागरातील राँगलॅप बेटावर पडली. तेथील लोकांना १९५७ मध्ये परत त्याच बेटावर नेण्यात आले. अमेरिकन डॉक्टर वर्षानुवर्षे येऊन त्यांना मोजत राहिले, आणि परतल्यानंतर त्यांच्या शरीरातील सीझियम वाढल्याचे त्याच मोजणीत दिसले. अखेर १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडले. जो खर्च उत्पादकाच्या वहीत चढत नाही तो परक्याच्या माथी पडतो, असे अर्थशास्त्र सांगते. येथे तो हाडांत जाऊन बसला.

आपल्याकडे अणुकेंद्रांतील सुरक्षादोषांचा अहवालच १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाखाली गोपनीय राहिला, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गोपनीयच ठेवला. तारापूरची वीज १९६९ पासून मुंबईला मिळते आहे. तेव्हा तारापूर परिसरातील कोळी, आदिवासी आणि कंत्राटी कामगार यांची मोजणी अपघाताची वाट न पाहता आजच व्हावी, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? ही मोजणी अणुऊर्जा खात्याबाहेरच्या वैद्यकीय संस्थेने करावी, आणि तारीख, यंत्र व आकडा लिहिलेला सहीचा कागद प्रत्येकाच्या हाती मराठीत द्यावा.