यात्रेकरूचा दुसरा दिवस

गोदावरीच्या तीरावर 1708 मध्ये श्री गुरू गोविंदसिंगजी ज्योतिज्योत समावले आणि ग्रंथसाहिबास गुरुगादी सोपवून गेले. तेव्हापासून नांदेड हे केवळ मराठवाड्यातील एक जिल्ह्याचे ठिकाण राहिलेले नाही. पंजाबातील शेतकऱ्यापासून कॅनडातील उद्योजकापर्यंत प्रत्येक शीख कुटुंबाच्या मनात श्री हुजूर साहिबचे दर्शन एकदा तरी घडावे, ही आस असते. जुन्या पिढीने ही यात्रा सचखंड एक्सप्रेसने, दीड दिवसाचा प्रवास करून केली. आता विमानाने ती काही तासांवर आली आहे. या सुलभतेचे स्वागतच केले पाहिजे. मात्र तिच्यातून नांदेड-लातूर परिसराच्या पदरात नेमके काय पडले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला नाही.

या विमानसेवेचा इतिहास धरसोडीचा आहे. 2008 च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. 2009 मध्ये नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ व बारामती येथील विमानतळ दीर्घ मुदतीच्या करारावर खासगी कंपनीकडे गेले. विमाने आली आणि बंदही झाली. 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद सेवेचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. त्याच वर्षाअखेर अमृतसरही जोडले गेले. पुढे महामारी आली, चालक कंपनी डबघाईस आली आणि आकाश पुन्हा रिकामे झाले. 2024 मध्ये स्टार एअरच्या 76 आसनी विमानांनी आदमपूर, हिंडन, हैदराबाद व बंगळूरशी नांदेड पुन्हा जोडले. लातूरला धावपट्टी असूनही नियमित सेवा रुजली नाही.

दर वेळी आपण सरकारला व कंपनीला दोष देऊन मोकळे होतो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु ‘उडान’मधील तूट भरून काढणारे साहाय्य मुळातच तीन वर्षांपुरते असते. त्यानंतर विमान टिकते ते दोन्ही बाजूंनी आणि बारमाही भरलेल्या आसनांवर. सण-उत्सवांच्या दिवसांत तुडुंब आणि एरवी अर्धे रिकामे विमान कोणतीही कंपनी फार काळ चालवणार नाही.

येथेच यात्रेकरूच्या दुसऱ्या दिवसाचा प्रश्न येतो. सकाळी उतरावे, मत्था टेकावा, लंगरचा प्रसाद घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असा विमानाने येणाऱ्याचा क्रम असतो. प्रवास जितका जलद, तितका मुक्काम आखूड. त्याने आणखी एक दिवस थांबावे असे आपण त्याला कधी सांगितले आहे काय?

दाखविण्याजोगे थोडके नाही. नांदेडच्या गोदाकाठीच माधोदास बैरागी गुरूंना शरण गेला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात मोगल सत्तेशी झुंजला. ज्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत त्या संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. 2015 चे मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरले तेव्हा आपण नामदेवांच्या नावाने अभिमानाने तिकडे गेलो. घुमानचा भाविक मात्र नांदेडला उतरूनही नरसीला न जाता परततो. माहूरची रेणुकामाता, होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, लातूर जिल्ह्यातील खरोशाची लेणी हे सारे मोटारीने एका दिवसात करता येण्याजोगे आहे, अर्थात एकेका दिशेला एकेक दिवस. उदगीरला तर पंजाबी पाहुण्यास आवर्जून न्यावे. तेथे 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी निजामास नमविले आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर देह ठेवला. अमृतसरहून दिल्लीस येणारा प्रत्येक जण पानिपतावरून जातो. भाऊंच्या विजयाचे स्थळ पाहण्याची उत्सुकता त्याला का नसावी?

दुर्दैवाने नांदेड आणि लातूर यांची शक्ती एकमेकांशी भांडण्यात खर्च होते. आयुक्तालय कोणाचे, रेल्वेगाडी कोणाची, यावरून निघालेले मोर्चे उभय शहरांनी पाहिले आहेत. विमानाच्या बाबतीतही तोच बाणा दिसतो. एका धावपट्टीवर नियमित सेवा रुजविणे कठीण असता शेजारच्या दुसऱ्या धावपट्टीसाठी हट्ट धरणे व्यवहाराला धरून नाही. लातूरकरांना हे कटू वाटेल; पण आजघडीला नांदेडचे विमान भरण्यात लातूरचाही लाभ आहे. त्या बदल्यात नांदेडने आपल्या पाहुण्याला उदगीर-खरोशाची वाट दाखवावी.

यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. विमानतळावर व यात्री निवासांत गुरुमुखी, हिंदी व मराठीतील माहितीफलक, नरसी व माहूरसाठी सकाळी निघणारी एस.टी., इतिहास जाणणारे आणि पंजाबी बोलू शकणारे दहा-वीस तरुण मार्गदर्शक एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. पिढ्यान्‌पिढ्या नांदेडात राहून अस्खलित मराठी बोलणाऱ्या शीख कुटुंबांतील युवक या कामी सर्वांत योग्य ठरतील. गुरुद्वारा मंडळ, माहूर व नरसीची देवस्थाने आणि दोन्ही जिल्ह्यांतील व्यापारी यांची एकत्र बैठक येत्या दसऱ्यापूर्वी व्हावी. दसऱ्याला हल्लाबोल पाहण्यास देशभरातून भाविक येतातच.