अभिमान कशाचा बाळगायचा?

विमानाचा विषय निघाला की अनेक मराठी घरांत शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हमखास निघते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मीही लहानपणी कौतुकाने ऐकली आहे. तळपदे काल्पनिक नव्हेत, त्यांचा संस्कृतचा व्यासंगही खरा. परंतु त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा उपलब्ध नाही. या कथेला ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा आधार दिला जातो, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मला मात्र खटकते ते वेगळेच. या कथेत अपयशाची नोंदच नाही! राइट बंधूंचे १९०१ चे ग्लायडर अपेक्षेइतके उचलले जाईना, तेव्हा त्यांनी स्वतः वातबोगदा बांधून पंखांचे नाना आकार तपासले. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण जेमतेम १२ सेकंदांचे, १२० फुटांचे होते. पण त्यामागचा सारा हिशेब कागदावर होता.

आपल्या अवकाश कार्यक्रमाची कहाणीही अशीच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एसएलव्ही-३’ दुसऱ्या टप्प्यातील गळतीमुळे बंगालच्या उपसागरात कोसळले. शास्त्रज्ञांनी दोष शोधला आणि १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ कक्षेत पोहोचला. या यानाच्या घन इंधनामागे डॉ. वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाचे परिश्रम होते. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चांद्रयान-२’चा ‘विक्रम’ चंद्रावर आदळला. तेव्हा कुठे काय चुकू शकते, याचा विचार करूनच नवे यान घडवले गेले. पाय भक्कम केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीवरून ४ बाय २.४ किलोमीटर केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले.

मुलांना आपण यातली कोणती गोष्ट सांगणार? पूर्वजांनी सारे आधीच केले होते, असे ऐकणाऱ्या मुलाला करण्याजोगे काही उरत नाही. उलट, पडलेले यान पुन्हा उभे करणाऱ्यांची गोष्ट ऐकून गणित चुकलेले पोर वही पुन्हा उघडेल. तळपद्यांच्या जिज्ञासेला नमस्कार अवश्य करावा. अभिमान मात्र पुराव्याच्या बळावरच बाळगावा.