सर्टिफिकेटवर आमची बोळवण करू नका

मी नांदुऱ्याचा. जिल्हा बुलडाणा. भुसावळहून नागपूरकडं निघालात की मलकापूरनंतर आमचं स्टेशन लागतं. हायवेवरून जाणाऱ्याला आमच्या गावचा १०५ फुटी हनुमान दिसतो. आमची वस्ती दिसत नाही. तालुक्यातून एक नदी वाहते, तिचं नाव ज्ञानगंगा. हसू नका, खरंच आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीदच आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. आमच्या इथं ज्ञानगंगा घराजवळून जाते, घरात येत नाही. अन् उन्हाळ्यात तर तिच्यात नुसती रेती.

मुद्द्याचं बोलतो.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. माय तिला कुलूप लावते. तिच्यात सोनं नाही, कागदं आहेत. आजाच्या शाळेचा दाखला, कारण १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून आपण इथलेच, हे सिद्ध करावं लागतं. जातीचा दाखला. जात पडताळणीचा दाखला, म्हणजे दाखल्याचा दाखला. उत्पन्नाचा दाखला, तो पुन्हा पुन्हा नवा काढायचा. मोठ्या बहिणीचं डी.एड., गावोगावी डी.एड.ची दुकानं निघाली होती तेव्हाचं. २०१३ पासून टीईटी आली आणि ते डी.एड. पेटीतच राहिलं. माझं एमएस-सीआयटी. माझं टायपिंग, मराठी ३०, इंग्रजी ४०. सर्टिफिकेटं कमी पडली म्हणून ही पोरं मागं राहिली असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं येऊन ही पेटी उघडावी.

आता त्याच पेटीत आणखी एक कागद टाकायची सोय सरकारनं केली आहे.

२०२३ ला मी एम.ए.ला नाव घातलं. नव्या शैक्षणिक धोरणाची एम.ए.ची ती पहिली बॅच. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका कॉलेजची नाही. बाप जिनिंगमध्ये हमाली करतो, माय कापूस वेचायला जाते. वर्ष सरलं, स्कॉलरशिप आली नाही. खिडकीवर गेलो.

"फी बाकी हाय तुयी."

"सायेब, आमच्याकडून फी घ्यायची नसते. सरकार देते."

"मंग सरकारले सांग. पोर्टलवर दिसून नाही राह्यलं."

मी उभाच. मग तो बाबू खिडकीतून थोडा वाकला. आवाज मऊ केला.

"पोट्ट्या, एक सांगू? एक वर्स झालं ना तुयं? डिप्लोमा भेटते आता. घे अन् कामाले लाग. बापाले सुख दे. एम.ए. करून कोणता कलेक्टर होतं?"

शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. आपल्याला भांडता येतं. पण त्यानं माया केली आणि मी अर्जावर पेन टेकवला. अर्जात छापलेलं होतं: मी स्वेच्छेने अभ्यासक्रमातून बाहेर पडत आहे.

स्वेच्छेने!

बापाच्या पाठीवरच्या गाठोड्याची इच्छा, पोर्टलवर अडकलेल्या हप्त्याची इच्छा, बडनेऱ्यापर्यंतच्या तिकिटाची इच्छा. या सगळ्यांची मिळून माझी स्वेच्छा! मी तो अर्ज फाडला. मायनं कानातलं गहाण ठेवलं. एम.ए. पूर्ण केलं.

माझ्या मावसभावानं अर्ज फाडला नाही. तो २०२४ ला बी.ए.ला बसला, २०२५ ला एका वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडला. आज चाकणला कंत्राटदाराकडं आहे. त्या कामासाठी सर्टिफिकेट कुणी मागितलंसुद्धा नाही.

ही योजना नीट समजून घ्या, कारण ती फार गोड शब्दांत लिहिली आहे. २०२० च्या धोरणानं पदवीची शिडी केली आणि प्रत्येक पायरीला एक दार ठेवलं. एक वर्ष शिकलात, ४० ते ४४ क्रेडिट, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप: घ्या सर्टिफिकेट. दोन वर्षं: डिप्लोमा. तीन वर्षं: पदवी. चार वर्षं: ऑनर्स. एम.ए.ला एका वर्षात बाहेर पडलात तर पदव्युत्तर डिप्लोमा. तुमची क्रेडिट एका बँकेत जमा. बी.ए.च्या पोरानं तीन वर्षांच्या आत परत यायचं, एकूण सात वर्षांत पदवी संपवायची.

पूर्वी मधेच सुटलेल्या पोराच्या हातात काहीच राहत नव्हतं, आता निदान कागद राहतो. हे मी नाकारत नाही. ज्या पोरीचं पहिल्या वर्षानंतर लग्न लावून दिलं, तिचं वर्ष वाया गेलं नाही हे चांगलंच झालं. टायपिंगच्या सर्टिफिकेटवर कारकुनी मिळालेली माणसं माझ्या वस्तीत आहेत, त्यांच्या पगारावर चार घरं शिकली. सर्टिफिकेटशी माझं वैर नाही. पण मला सांगा, या दारातून बाहेर कोण जाणार? ज्याच्या बापाची पेढी आहे तो? ज्याच्या काकाची संस्था आहे तो? तो चार वर्षांचं ऑनर्स करणार, वर परदेशी जाणार. दार सगळ्यांना उघडं आहे असं म्हणायचं आणि मागून धक्का फक्त आपल्याला द्यायचा. काल याला गळती म्हणत होते. तिची लाज वाटायची, तिच्यावर समित्या बसायच्या. आज तिचं नाव 'एक्झिट' ठेवलं. आता लाजायचं कारण उरलं नाही. गळती झाली तर सरकार दोषी. एक्झिट घेतली तर पोरगा मुखत्यार!

कुणी म्हणेल, परत येता येतं ना?

येता येतं. आपल्यातला एक माणूस आला होता परत. नीट ऐका.

१९१३ ला बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ ला एम.ए. झाले. १९१६ ला लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. ही त्यांची एक्झिट. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी त्यांच्या हातात होती. कागद होता! तेवढ्या कागदावर ते गेले का? बडोद्यात त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं. तेव्हा १९२० ला ते परत लंडनला जाऊ शकले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी.सुद्धा प्रबंध छापून झाल्यावर, १९२७ ला पदरात पडली.

बाबासाहेबांना परत आत नेलं ते साठवलेल्या पगारानं, एका राजानं आणि एका दोस्तानं. परवानगी होतीच, ती चार वर्षं नुसती पडून राहिली असती. माझ्या मावसभावाची क्रेडिट बँकेत आहेत. पण त्या बँकेतून खोलीचं भाडं निघत नाही. त्याची तीन वर्षं २०२८ ला संपतात. त्याचा शाहू महाराज कोण? सांगा मला.

आणि जे आत टिकून राहतात त्यांचं काय? हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये येणं बाकी आहे, हे त्याला शेवटच्या चिठ्ठीत लिहावं लागलं. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक भांडत होते. सरकार २०० च्या आकड्यावर अडून बसलं आणि पोरं आझाद मैदानावर बसली. त्याच वर्षी डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, फेलोशिपची चर्चा चालू असताना, त्या वेळच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? चर्चा सारथीची होती, बार्टीची नव्हती. पण दोस्तांनो, खेड्यातला कुणबी-मराठा पोरगा असो की आपला, वरच्या पायरीवर दिसला की हाच सवाल येतो.

दिवे लावायचं काम आपल्याला नवं नाही साहेब. पिढ्यान् पिढ्या तुमच्या मिरवणुकीत डोक्यावर बत्त्या घेऊन आम्हीच चाललो. आता उजेडात बसून वाचतो म्हटलं तर तुम्हाला तेलाचा हिशेब आठवला!

१८८२ ला जोतिबांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळता आणि गोरगरिबांच्या प्राथमिक शाळा उपाशी ठेवता, असं ठणकावलं. तेव्हा उच्च शिक्षण फार मोलाचं होतं. त्यातून देश घडणार होता. शंभर-सव्वाशे वर्षं त्यांनी पदव्या घेतल्या, खुर्च्या धरल्या, अभ्यासक्रम लिहिले. आमची पहिली पिढी एम.ए.च्या वर्गात येऊन बसली आणि त्यांना शोध लागला, की पदवीत काही राम नाही, कौशल्य पाहिजे! कौशल्य आम्हाला शिकवता? चामडं कुणी कमावलं, दोर कुणी वळले, विहिरी कुणी खोदल्या? आमच्याकडं कौशल्य हजार वर्षं होतं. नव्हता तो अधिकार.

अधिकार पदवीत असतो. उत्तरपत्रिका तपासायची असेल, अभ्यास मंडळावर बसायचं असेल, पुस्तकात आपल्या आजाचं काय लिहायचं ते ठरवायचं असेल, तर सर्टिफिकेट चालत नाही. एम.ए. लागतं. सहायक प्राध्यापकाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात, आपल्याला ५०, आणि वर नेट किंवा सेट. डिप्लोमावाल्याला त्या दारात कुणी उभं करत नाही.

माझे दोस्तच मला टोकतात. "लेका, एम.ए., सेट झालेले तासिका तत्त्वावर राबून राह्यले. तासाच्या पैशावर. अन् तू पीएच.डी.च्या गोष्टी करतं?" खरं आहे. राबतात. कायम जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत. पण याचा अर्थ काय? जागा भरत नाहीत म्हणून आपण शिकायचं सोडायचं? की शिकलेल्यांनी मिळून जागा भरायला लावायच्या? विहिरीला कुलूप घातलं म्हणून कुणी तहान सोडत नाही. महाडला आपण काय केलं ते विसरलात का?

आमचं विद्यापीठ १ मे १९८३ ला नागपूरपासून वेगळं झालं. पाच जिल्ह्यांचं. नांदुऱ्याहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, बडनेऱ्याला उतरून पुढं जायचं. त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. हातात झाडू घेतलेला परीट माणूस. त्यांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा, हे ते कीर्तनात सांगायचे. एक वर्ष शिकवा अन् सर्टिफिकेट घेऊन घरी आणा, असं ते कुठं म्हणाले नाहीत. माझ्या मायनं त्यांचं ऐकलं. कानातलं मोडीतच निघालं. विद्यापीठानं आणि सरकारनं ऐकायचं बाकी आहे.

औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं. मधे घरं जळाली, पोचिराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारेनं जाळून घेतलं. पाटीसाठी एवढं दिलं. आता पाटीच्या आत कोण बसणार हा सवाल आहे.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. स्कॉलरशिपचा हप्ता वर्ष सुरू होताना हातात द्या, निकालानंतर नको. एक्झिट घेतलेल्यांचे आकडे दर वर्षी जातवार छापा: किती गेले, का गेले, किती परत आले. अर्जावरचा 'स्वेच्छेने' शब्द काढा आणि खरं कारण लिहायला जागा ठेवा. परत येणाऱ्याला क्रेडिटबरोबर होस्टेल आणि निर्वाह भत्ता द्या. फेलोशिपला आकड्याची कात्री लावू नका.

आणि मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, एक काम तुमचं. तुमच्या वस्तीतला पोरगा तो अर्ज घेऊन आला तर त्याला भाषण देऊ नका. किती पैसे अडलेत ते विचारा. चार जण मिळून गोळा करा. खिडकीवर त्याच्याबरोबर जा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी त्याला शोधून परत आणा. चाकणला एक पोरगा आहे. मी त्याच्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली आहे. २०२८ च्या आत त्याला वर्गात नेऊन बसवणार.

त्याचं सर्टिफिकेट पेटीतच राहू द्या. त्याच्यावर पदवी ठेवायची आहे.

जय भीम.